पॉलिप काढला, अहवाल मात्र फाइलमध्येच: या चुका टाळा

कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, मोठ्या आतड्यातील पॉलिप (अस्तरावर वाढलेला मांसल कोंब) काढला गेला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि काही दिवसांनी आलेला पॅथॉलॉजीचा अहवाल न वाचताच फाइलला लावला जातो. सर्वांत महागात पडणारी चूक हीच, कारण पुढची तपासणी केव्हा करायची हे पॉलिपचा प्रकार, आकार आणि संख्या यांवरून ठरते.

अहवालात बहुधा ‘अ‍ॅडिनोमा’ असे लिहिलेले असते, म्हणजे पुढे कर्करोगात बदलू शकणारा पॉलिप. फिअरन आणि व्होगेलस्टाइन या कर्करोग-संशोधकांनी १९९० मध्ये मांडलेल्या क्रमानुसार, त्याचा कर्करोग होताना आधी पेशींच्या वाढीला आवर घालणारे एपीसी जनुक निकामी होते, मग केरास जनुकातील बदलामुळे पेशींची वाढ थांबेनाशी होते आणि शेवटी बिघडलेल्या पेशींना रोखणाऱ्या टीपी५३ जनुकाचा पहारा उठतो. या प्रवासाला साधारणपणे दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो, आणि बहुतेक अ‍ॅडिनोमा तिथवर पोहोचतही नाहीत. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र ‘व्हिलस’ (बोटांसारख्या उंचवट्यांची रचना), ‘हाय-ग्रेड डिस्प्लेझिया’ (पेशींत ठळक बिघाड) किंवा १० मिलिमीटर व त्याहून मोठा आकार अशी नोंद असेल, तर पुढची कोलोनोस्कोपी सहसा तीन वर्षांनी सांगितली जाते.

‘सेसाइल सेरेटेड’ (बिनदेठाचा, सूक्ष्मदर्शकाखाली करवतीसारखा दातेरी दिसणारा) या पॉलिपच्या प्रकाराला गुदाशयातील बारीक, बहुतांशी निरुपद्रवी हायपरप्लास्टिक पॉलिपांच्या रांगेत बसवणे ही दुसरी चूक. याची वाट वेगळी आहे: बीराफ जनुकात बदल होतो, पुढे मिथिलेशनमुळे (जनुकावर रासायनिक खूण बसल्याने) डीएनएची दुरुस्ती करणारे एमएलएच१ जनुक बंद पडते, आणि त्यानंतर कर्करोगाकडे वाटचाल झपाट्याने होऊ शकते. हे पॉलिप बहुधा उजव्या बाजूला, चपटे आणि श्लेष्माच्या थराखाली दडलेले असतात. त्यांतून रक्तही कमी जाते. त्यामुळे शौचाच्या तपासणीत रक्त आढळले नाही एवढ्यावर विसंबू नये. पोट साफ करण्याचे औषध चव आवडत नाही म्हणून अर्धेच पिणाऱ्यांच्या आतड्यात हे नेमके नजरेतून सुटतात. औषधाचा दुसरा भाग तपासणीच्या दिवशी पहाटे घ्यायला सांगितला असेल, तर तो टाळू नये.

शौचावाटे रक्त गेले की मूळव्याध समजून महिनोन्‌महिने मलम लावत बसणे हा तर आपल्याकडचा जुनाच रिवाज आहे. घराण्यात लिंच सिंड्रोम (डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांतील आनुवंशिक दोष) असल्यास वर सांगितलेली दहा वर्षांची मुदत गृहीत धरू नये. तिथे दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करावी लागते. तसेच २० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप तुकड्यातुकड्यांनी काढला असेल, तर त्याच जागेची सुमारे सहा महिन्यांनी फेरतपासणी ठरली आहे का, हे डॉक्टरांना विचारून तारीख लिहून घ्यावी.