रोझा लक्झेंबर्गवर एकपात्री करताय? मग हे बघा

रोझा म्हणजे पोलंडमध्ये जन्मलेली, जर्मनीत काम केलेली समाजवादी क्रांतिकारक. पहिलं म्हणजे तिचा जन्म ते मृत्यू सगळं सांगत बसू नका, १८७१ ते १९१९ सव्वा तासात कोंबलं की नाटक नाही विकिपीडिया होतो. एकच जागा पकडा. ब्रेस्लाऊचा (आताचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) तुरुंग, डिसेंबर १९१७. तिथून तिने सोफी लीबक्नेख्तला, म्हणजे तिचा साथीदार कार्ल लीबक्नेख्तच्या बायकोला, पत्र लिहिलंय, त्यात लादलेली गाडी ओढणारे रुमानियाचे रेडे आणि त्यांना रक्त येईपर्यंत मारणारा सैनिक आहे, माझ्या मते अख्ख्या प्रयोगाचा कणा तोच. झुरिकची १८९७ ची डॉक्टरेट, क्रांतीऐवजी हळूहळू सुधारणा हव्या म्हणणाऱ्या समाजवादी बर्नस्टाईनशी वाद, पानंफुलं दाबून ठेवायचा नाद, हे सगळं मग आठवणीत येऊ दे.

ती लंगडायची, पण पाचव्या मिनिटाला नट ते विसरतो आणि प्रेक्षक नाही विसरत, म्हणून पहिल्या तालमीपासून तसंच चाला. जर्मन टोन वगैरे प्लीज नको!

रोझाचं मूळ लिखाण आता कॉपीराइटमध्ये नाही, पण दुसऱ्याचा अनुवाद वापरणार तर परवानगी घ्या. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं सर्टिफिकेट लागतं, त्याचा अर्ज वेळेत टाका.

आणि ठाण्यात एकदम गडकरी रंगायतनची तारीख कशाला, आधी सोसायटीच्या हॉलमध्ये पन्नास खुर्च्या मांडून करा, लोक कुठे मोबाईल काढतात ते बघा आणि तिथे कात्री लावा. टेबल, खुर्ची, दोन लाईट, बास. हत्या करून दाखवू नका, गोळी घालून बर्लिनच्या लँडवेअर कालव्यात फेकलं एवढं एक वाक्य पुरतं.