रविवारच्या लीगमध्ये नेमकं कोणतं काम मागाल?

बडोद्यात मुलांची फुटबॉल लीग भरवायला नवरात्र-दिवाळी उरकल्यानंतरचे दिवस सगळ्यात सोयीचे. मैदानातले गरब्याचे मंडप निघालेले असतात, सकाळी हवा गार असते आणि फेब्रुवारी-मार्चमधल्या बोर्डाच्या परीक्षा अजून लांब असतात. खेळायला पोरं भरपूर येतात. कमी पडतात ते मैदान आखणारे, रेघेवर झेंडा धरणारे आणि सामन्याच्या नोंदींचं पत्रक लिहिणारे हात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना ही तिन्ही कामं छान जमतात, फक्त ती नीट शिकून घ्यावी लागतात.

‘काही काम आहे का?’ असं विचारत जाऊ नका. असं विचारणाऱ्याच्या हाती पाण्याच्या बाटल्या दिल्या जातात आणि तिसऱ्या रविवारी तो उगवत नाही. कामाचं नाव घ्या, वेळ सांगा: ‘सर, चार आठवडे शनिवारी संध्याकाळी मैदान आखायला येईन.’ दहावी-बारावीला असाल तर नोव्हेंबर-डिसेंबरच द्या. जानेवारीत अचानक गळालात तर तुमच्या जागी आयत्या वेळी कोणी मिळत नाही. अठराच्या आत असाल तर आई-बाबांची सही आणि फोन नंबर पहिल्याच दिवशी जमा करा.

मैदान आखण्याचं काम आम्ही सगळ्यात वर ठेवतो, कारण ते चुकलं की दिवसभर भांडणं होतात. ते शनिवारी साडेचारलाच सुरू करा. हिवाळ्यात रविवारी उजाडेपर्यंत सात वाजतात. सात-सात जणांच्या सामन्याला 55 बाय 37 मीटर मैदान पुरतं. आधी 55 मीटरची एक बाजू दोरी ताणून पक्की करा. मग कोपऱ्यात काटकोन काढा: कोपऱ्यातल्या खुंटीपासून एका दोरीवर 6 मीटरवर खूण, दुसरीवर 8 मीटरवर खूण, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर 10 मीटर आलं पाहिजे. कमी-जास्त आलं तर दुसरी दोरी सरकवा, पहिली नाही. चारही खुंट्या ठोकल्यावर दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही साधारण 66.3 मीटर आले तर मैदान चौकोनी झालं. एक 65 आणि दुसरा 67 भरत असेल तर ते तिरकं आहे. हे मोजणं टाळलं की चूक थेट गोलच्या रेषेवर दिसते, आणि तोवर चुना पडलेला असतो.

चुना म्हणतो खरे, पण कळीचा किंवा भिजवलेला चुना वापरू नका. घामाने ओल्या झालेल्या गुडघ्याला तो पोळतो आणि डोळ्यात गेला तर मोठी इजा करतो. खडूची भुकटी आणा. रेघ 12 सेंटिमीटरपेक्षा रुंद नको.

उत्तरायण (इथली संक्रांतीची पतंगबाजी) झालं की मैदानाला आणखी एक काम लागतं. 14 आणि 15 जानेवारीनंतरच्या पहिल्या सामन्याआधी मांजा वेचल्याशिवाय मुलांना आत सोडू नये. गवतात तो दिसत नाही. सूर्य कलता असताना उन्हाच्या दिशेला तोंड करून चाललं की धागा चमकतो. गोलच्या जाळीत, खांबांवर आणि कडेच्या लिंबाच्या फांद्यांवर लोंबणारे धागे वेगळे तपासा, कारण ते नेमके मानेच्या उंचीला असतात. जाड हातमोजे घाला, धागा ओढू नका, काठीला गुंडाळा. नंतर कात्रीने बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका, जाळू नका. जखमी पक्षी दिसला तर 1962 वर फोन करा.

सुटे गोलपोस्ट हे मैदानावरचं सगळ्यात धोक्याचं सामान. मागच्या दांडीवर वाळूची पोती ठेवल्याशिवाय सामना सुरू होऊ देऊ नका, आणि आडव्या दांडीला लोंबकळणाऱ्या पोराला लगेच उतरवा, मग ते कुणाचंही असो. पोस्ट पुढे कलंडतो तो असाच.

चेंडूचं काम सोपं. आठ वर्षांच्या आतल्यांना 3 नंबर, आठ ते बारा 4 नंबर, पुढे 5 नंबर. पंपाची पिन घालण्याआधी पाण्याने ओली करा; कोरडी पिन आतला व्हॉल्व्ह फाडते.

झेंडा हाती घेणार असाल तर दोनच गोष्टी घोटून ठेवा. चेंडू अख्खा रेघेपलीकडे गेला तरच बाहेर. रेघेला नुसता चिकटलेला चेंडू आतच असतो. आणि थ्रो ज्या संघाला, तो ज्या दिशेला गोल मारतोय त्या दिशेला झेंडा दाखवायचा. ऑफसाइड असलेल्या लीगमध्ये गोलीसह मोजून शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या ओळीत राहा, चेंडू त्याच्याही पुढे गेला तर चेंडूच्या ओळीत. थ्रो, कॉर्नर आणि गोलकिकवर थेट ऑफसाइड होत नाही. नवखे झेंडेवाले इथेच हमखास घाईने झेंडा उचलतात.

कडेला पालक रेघेवर येऊन उभे राहतात. त्यांना आवाज चढवून सांगू नका. मराठी काका-काकींना ‘जरा दोन पावलं मागे’ म्हणा आणि लगेच गुजरातीत ‘लाइननी पाछळ ऊभा रहो ने’ म्हणा. पालक मुलाला रेफ्रीविरुद्ध भडकवत असतील तर तुम्ही वाद घालू नका, आयोजकांना बोलवा.

पत्रक लिहिणाऱ्याने सामन्याआधी जर्सीचे नंबर खेळाडूकडे बघून लिहावेत, कागदावरून उतरवू नयेत. एकाच संघात दोन सात नंबर निघतात ते तेव्हाच कळतं. गोल झाला की मिनिट आणि नंबर त्याच क्षणी लिहा. वयाच्या दाखल्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, ते फक्त आयोजकांच्या फाइलमध्ये.

दुखापतीसाठी फार शिकावं लागत नाही, पण शिकलेलं नेमकं हवं. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायची नाही; पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरा. सुजेवर बर्फ कपड्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं. डोक्याला डोकं आपटलं असेल तर पोर ‘मला काही झालं नाही’ म्हणालं तरी त्या दिवशी परत खेळवायचं नाही. उलटी झाली, बोलणं अडखळलं, झोप येऊ लागली तर 108. ओआरएसची एक मोठी पुडी एक लिटर पाण्यातच घाला. अर्ध्या लिटरात घातली तर मीठ जास्त होऊन उलट त्रास होतो. आणि लहान मुलाला कपडे बदलायला किंवा पट्टी बांधायला एकट्याने आडोशाला नेऊ नका, सोबत दुसरं मोठं माणूस हवंच.

शेवटचा सामना संपला की चेंडू आणि शंकू मोजून पोत्यात भरा, पोस्ट तोंडावर पालथे घाला. जाळी दवाने ओली असेल तर तशीच गुंडाळू नका, घरी गच्चीवर वाळवा. ओली कोंडलेली सुती दोरी कुजते आणि पुढच्या रविवारी नेमक्या गोलच्या कोपऱ्यातून तुटते.