रोमान्स कॉनलँगसाठी 'आम्ही, तुम्ही, ते' कसे बनवायचे

रोमान्स कॉनलँग म्हणजे लॅटिनमधून निघालेल्या (स्पॅनिश, इटालियन वगैरे) भाषांच्या धर्तीवर आपण स्वतः बनवलेली भाषा. कानाला गोड लागतात म्हणून सर्वनामं रचू नका, आधीच सांगतो. लॅटिनचे शब्द घ्या, तुमचे ध्वनिबदलाचे नियम त्यांच्यावर चालवा आणि गोची कुठे होते ते बघा, सगळी मजा त्या गोचीतच आहे.

सामान थोडंच लागतं. नोस म्हणजे आम्ही, वोस म्हणजे तुम्ही, आणि 'ते'साठी बहुतेक भाषांनी 'तो तिकडचा' अर्थाचं इल्ले धरलं (सार्डिनियनने मात्र 'स्वतः' अर्थाचं इप्से धरलं). अनेकवचनात इल्ली पुल्लिंगी, इल्लाय स्त्रीलिंगी.

आता माझ्या भाषेत शब्दाच्या शेवटचे स, म, न, त गळतात. म्हणजे नोसचं झालं नो. छान. पण 'नाही' अर्थाचं नोन, त्याचंही नो! 'नो कांतामो' म्हणजे 'आम्ही गातो' की 'गात नाही'? हे माझ्या लक्षात आलं तोवर अर्धी डिक्शनरी लिहून झालेली, डोक्याला हात लावला.

इटालियन आणि रोमानियनमध्ये स च्या जागी इ आला, नोइ, वोइ, भानगडच मिटली. स्पॅनिशने 'इतर' अर्थाचा शब्द मागे जोडून नोसोत्रोस केलं, कॅटलानमध्ये नोसाल्त्रेस. मी हाच रस्ता घेतला कारण पुढे स्वर आला की स शब्दाच्या मधे अडकतो आणि वाचतो. फक्त लॅटिनचं 'इतर' म्हणून आल्तेरोस घेतलं तर शेवटचा स जाऊन आल्त्रो उरतं, तेच एकवचनातही, म्हणून आल्तेरी हे रूप घ्यावं लागलं: नोसाल्त्री, वोसाल्त्री. बघा, एका नियमामुळे नामांची अनेकवचनंही इ-कडे वळली, ते काम फुकटात झालं.

नोसाल्त्री म्हणजे शब्दशः 'आम्ही इतर', त्यात 'तुम्ही सोडून' हा वास आहेच, आपल्या 'आम्ही'सारखा. मग 'आपण' कुठून आणायचं? पोर्तुगीजमध्ये बोलताना 'आ जेंत', म्हणजे 'लोक', असं म्हणतात आणि क्रियापद एकवचनी, फ्रेंचचं ऑं पण तसंच, ते 'माणूस' अर्थाच्या होमोतून आलं. मी 'ला जेंते' सरळ आपणसाठी ठेवलं. मोठ्या रोमान्स भाषांच्या व्याकरणात आम्ही-आपण असा पक्का फरक नाही, पण मराठी माणसाने भाषा बनवायची आणि हा फरक सोडायचा, छे.

कर्म म्हणून येणारं छोटं 'आम्हाला' पण परत नोच होतं, तिथे इटालियनची युक्ती उचला, त्यांचं 'आम्हाला' अर्थाचं ची मुळात 'इथे' होतं आणि 'तुम्हाला' अर्थाचं वी 'तिथे'.

'त्यांचा'साठी इल्लोरुम, त्यावरून लोरो. इटालियनमध्ये ते लिंग-वचनाने बदलत नाही, तसंच राहू द्या.

आदरार्थी प्रकरण वेळ असेल तरच करा. स्पॅनिशमध्ये 'आपली कृपा' अशा संबोधनाचं घासून उस्तेद झालं, अनेकवचन उस्तेदेस, आणि लॅटिन अमेरिकेत तर वोसोत्रोसची जागाच त्याने घेतली.

शेवटी क्रियापदं तपासा. माझ्याकडे कांतात आणि कांतांत दोन्ही कांता झाले, म्हणजे 'गाते' आणि 'गातात' एकच. मग फ्रेंचसारखं सर्वनाम गाळताच येत नाही, एली (इल्लीवरून झालेलं 'ते') कांता असं पूर्णच म्हणावं लागतं. आणि एला कांता म्हणजे ती गाते, एले कांता म्हणजे त्या गातात, सगळा भार एका स्वरावर, म्हणून तो शेवटचा स्वर पुढच्या कुठल्याही नियमात गळू देऊ नका.