चंदन लावताय? या चुका टाळा

"चंदन पिवळं पडलंय, कुठलं औषध मारू?" दर पावसाळ्यात हा फोन येतोच. मी उलट विचारतो, शेजारी काय लावलंय? "काही नाही, वावर एकदम स्वच्छ ठेवलंय!"

सगळ्यात मोठी चूक तीच. चंदन अर्धपरजीवी आहे. पानं हिरवी, त्यामुळे अन्न स्वतः तयार करतं. पण पाणी आणि क्षारांसाठी त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना बारीक गाठींसारख्या शोषकांनी चिकटतात. शेजारी झाड नसेल तर रोप काही महिने तग धरतं आणि मग खुरटतं.

नात्यातल्या एका मुलानं एकरभर चंदन लावलं. रोपवाटिकेतून प्रत्येक पिशवीत सोबत तुरीचं रोप आलं होतं. खुरपायला आलेल्यांना कुणी काही सांगितलं नाही, त्यांनी तूर तण म्हणून उपटली. वरून चंदनाला काहीच झालेलं दिसेना. दीड महिन्यात पानं पिवळी पडली. यानं युरिया टाकला, मग आणखी टाकला. मी एक वाळलेलं रोप अलगद उकरलं, तर काही शोषक त्याच्याच मुळांना चिकटलेले. ते पाहून फार वाईट वाटलं. निम्म्याहून जास्त रोपं गेली. उरलेल्यांजवळ तूर टोकली, तेव्हा कुठे ती सावरली.

मी स्वतः रोपापासून वीतभर अंतरावर तूर टोकतो. फार दाटली तर शेंडे छाटतो, उपटत नाही. तपासण्यापुरतं तुरीचं एखादं रोप काढून मुळावरची गाठ नखानं फोडून बघतो. आत गुलाबी असली की हवेतला नत्र धरण्याचं काम चालू आहे, आणि त्यातला वाटा चंदनालाही मिळतो. तूर फार वर्षं टिकत नाही, म्हणून त्याच पावसाळ्यात चार-पाच हातांवर सुरू, करंज किंवा खैर लावायचा. "नंतर लावू" म्हणणाऱ्यांचं चंदन तूर संपली की उघडं पडतं. झटपट कोटींचे हिशेब मांडणाऱ्यांनी आधी ही सुरुवातीची दोन वर्षं नीट काढावीत.

तणनाशक मारू नका. शेजारी मेला की चंदनही उपाशी.

ओळींमध्ये रोटाव्हेटर नको, वरच्या थरातली मुळं तुटतात.

डीएपी खताचा मारा केला की तूर-करंजाच्या मुळांवरची उपयोगी बुरशी कमी होते. मी शेणखतावर भागवतो.

पालापाचोळा जाळू नका, बुंध्यापासून थोडा लांब पसरा.

आणि रोप घेताना पिशवी फाडून बघा. तळाशी मुळांची गुंडाळी झालेली असेल तर ते रोप फुकटही घेऊ नका; जमिनीत गेल्यावरही मुळं त्याच वेटोळ्यात वाढत राहतात. मी दहा रोपांमागे एक फाडतो, आणि त्याचे पैसे देतो. फाडू न देणाऱ्या रोपवाटिकेतून मी परत येतो.