नर्मदा परिक्रमा टप्प्याटप्प्याने: थांबायचं कुठे?

सलग रजा मिळत नसेल तर खंड परिक्रमा, म्हणजे टप्प्याटप्प्याने केलेली परिक्रमा, जरूर करा. फक्त पाय थकले म्हणून आडगावात टप्पा संपवू नका. पुढच्या वेळी तिथवर पोचण्यातच दिवस जातो. रेल्वे असलेलं गाव गाठा: उत्तर तटावर भडोच, जबलपूर, दक्षिण तटावर नर्मदापुरम, म्हणजे जुनं होशंगाबाद. निघताना शेवटच्या घाटाचा फोटो काढा, वहीत घाटाचं नाव आणि पुढच्या मुक्कामाचं गाव लिहून ठेवा. पुन्हा सुरुवात त्याच घाटावरून, मैया, म्हणजे नर्मदा, उजव्या हाताला ठेवून. चातुर्मासात परिक्रमा थांबते, तेव्हा रजा दिवाळीनंतरचीच टाका. पहिले दोन दिवस मात्र कमीच चाला, मध्ये खंड पडला की टाचांना हमखास फोड येतात.