ब्लॅक होल किती मोठं होऊ शकतं? वही-पेन घेऊन स्वतः हिशोब कसा करायचा

मे महिन्यात नागपुरात रात्री साडेनऊलासुद्धा गच्ची तापलेली असते, पाणी मारून, गाद्या टाकून आम्ही पडलो होतो आणि भाचीने, जी आता नववीत गेली, विचारलं, "मामा, ब्लॅक होल सगळंच गिळतं ना, मग ते आतापर्यंत सगळं खाऊन काहून नाही बसलं? ते थांबतं कुठे?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. मग पुढच्या दोन रात्री आम्ही दोघांनी वहीत हिशोब मांडला आणि मला खरंच आनंद झाला, कारण यातलं बरंचसं शाळेच्या गणितात बसतं, घात आणि गुणाकार-भागाकार आले की झालं. तोच हिशोब इथे क्रमाने देतो, तुम्हीही घरच्या पोट्ट्यांना घेऊन करून पाहा.

सामान फार नाही. वही, मोबाईलचा कॅल्क्युलेटर, ज्वारीचा एक दाणा आणि एक मोठं संत्रं. मे मध्ये चांगलं संत्रं मिळत नाही, तेव्हा मोसंबी चालेल.

आधी एक गैरसमज वहीतून खोडा

ब्लॅक होल व्हॅक्युम क्लीनरसारखं ओढत नाही. आत्ता सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं ब्लॅक होल ठेवलं तर अंधार होईल, थंडी पडेल, पण पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. म्हणजे दूरच्या वस्तूला त्याच्यात पडायचं असेल तर आधी आपलं फिरणं कमी करावं लागतं, आणि ते सहज होत नाही. ही गोष्ट डोक्यात ठेवा, शेवटी हीच कामी येते.

पहिली पायरी: वजन काढा

आपल्या आकाशगंगेच्या मधोमध सॅजिटेरियस ए-स्टार नावाचं ब्लॅक होल आहे. त्याच्याभोवती एस२ नावाचा एक तारा १६ वर्षांत एक फेरी मारतो, आणि त्याच्या लांबट कक्षेचा अर्धा मोठा अक्ष (म्हणजे कक्षेच्या लांबीचा निम्मा) पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण १,०३० पट आहे. आता केप्लरचा नियम लावा: अंतराचा घन भागिले वर्षांचा वर्ग. १,०३० चा घन म्हणजे सुमारे १०९ कोटी २७ लाख, १६ चा वर्ग २५६, भागाकार करा, उत्तर येतं ४२ ते ४३ लाख. इतक्या सूर्यांचं वजन! भाची कॅल्क्युलेटरकडे पाहतच राहिली, तिला वाटलं काही चुकलं, पण नाही, अशाच ताऱ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांनी ते वजन काढलं आणि २०२० चं नोबेल मिळवलं. त्यांची मोजमापं अर्थातच आपल्यापेक्षा खूप काटेकोर, पण तत्त्व हेच.

दुसरी पायरी: वजनावरून आकार

हे तर सगळ्यात सोपं आहे. ब्लॅक होलची त्रिज्या म्हणजे मध्यापासून त्या सीमेपर्यंतचं अंतर जिच्या आतून प्रकाशही सुटत नाही. एका सूर्याच्या वजनाला ३ किलोमीटर त्रिज्या, बस. वजन दुप्पट तर त्रिज्या दुप्पट. ४३ लाख गुणिले ३, म्हणजे सव्वा कोटी किलोमीटरच्या वर थोडं.

आता मॉडेल मांडू. गच्चीवर पृथ्वी आणि सूर्य यांच्यात अर्धा मीटर अंतर धरा. या मापात सूर्य ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि आपल्या आकाशगंगेचं ब्लॅक होल मोठ्या संत्र्याएवढं. एवढंच! दाणा आणि संत्रं शेजारी ठेवून पोट्ट्यांना दाखवा, मग सांगा की याच मापात नेपच्यून १५ मीटरवर, म्हणजे बहुतेकांच्या गच्चीच्या बाहेर. एम८७ या आकाशगंगेतलं ब्लॅक होल, ज्याचा फोटो १० एप्रिल २०१९ ला जगाने पाहिला, ते ६५० कोटी सूर्यांचं आहे, त्याची त्रिज्या या मापात ६४ मीटर येते, म्हणजे आपली अख्खी सूर्यमाला नेपच्यूनसकट आत जाऊन जागा उरते.

इथे एक मजेची गोष्ट, थोडं थांबून करून बघा. त्रिज्या वजनाच्या पटीत वाढते पण आकारमान त्रिज्येच्या घनाच्या पटीत, म्हणून ब्लॅक होल जेवढं मोठं तेवढं सरासरीने विरळ होत जातं. साधारण १३-१४ कोटी सूर्यांचं ब्लॅक होल घेतलं आणि त्याच्या आकारमानाने वजनाला भागलं तर पाण्याइतकी घनता येते, आणि एम८७ वाल्याची तर आपल्या हवेपेक्षाही कमी. याचा परिणाम असा की साधारण १० कोटी सूर्यांच्या पुढचं ब्लॅक होल सूर्यासारख्या ताऱ्याला बाहेर फाडतच नाही, सरळ अख्खा गिळतं, काही झगमगाट न होता.

तिसरी पायरी: दामदुपटीचा वेग

आता खाण्याचा वेग. आत पडणारा वायू सरळ पडत नाही, भोवती गोल फिरत तबकडी करतो, घासून तापतो आणि प्रचंड चमकतो. १०० किलो वायू पडला तर साधारण १० किलोची ऊर्जा होऊन बाहेर उडून जाते आणि ९० किलो आत जातं (सूर्याच्या पोटात हायड्रोजन जळतो तिथे हे प्रमाण १०० ला पाऊण किलोसुद्धा नाही). या प्रकाशाचा बाहेरच्या बाजूला धक्का बसतो. कूलर फुल स्पीडवर करून समोरून कागदाचा हलका बोळा फेकून पाहा, तो उलटा तुमच्याकडे येतो. तसंच इथे, ब्लॅक होल जास्त खायला गेलं की जास्त चमकतं, जास्त चमकलं की येणारा वायू मागे लोटला जातो. या मर्यादेला एडिंग्टन मर्यादा म्हणतात, आर्थर एडिंग्टन यांच्या नावाने.

गंमत म्हणजे ही मर्यादा वजनाच्या पटीतच वाढते, त्यामुळे वाढ दामदुपटीने होते. वर दिलेलं १० टक्क्यांचं प्रमाण धरलं तर ब्लॅक होलचं वजन दुप्पट व्हायला साधारण साडेतीन कोटी वर्षं लागतात, मग ते छोटं असो की मोठं. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहा.

चौथी पायरी: वेळ पुरते का ते तपासा

जे०३१३-१८०६ नावाचा एक क्वेसार, म्हणजे जोरात खाणाऱ्या ब्लॅक होलमुळे प्रचंड चमकणारा आकाशगंगेचा मध्य, २०२१ मध्ये जाहीर झाला. त्याचा जो प्रकाश आपण पाहतो तो निघाला तेव्हा विश्वाचं वय होतं ६७ कोटी वर्षं, आणि त्यातलं ब्लॅक होल तेव्हाच १६० कोटी सूर्यांचं झालेलं.

करा हिशोब. समजा सुरुवात एखाद्या मोठ्या ताऱ्याच्या मरणातून झाली, १०० सूर्यांपासून. १०० चे १६० कोटी व्हायला २४ वेळा दुप्पट व्हावं लागतं, कॅल्क्युलेटरवर २ ने गुणत जा आणि मोजा. २४ गुणिले साडेतीन, ८४ कोटी वर्षं. विश्वाचं वयच ६७ कोटी! आणि हे एक दिवसही उपाशी न राहता, पहिले तारे बनायला लागलेली वर्षं न धरता. भाचीने तीनदा गुणलं, माझ्यावर विश्वास नव्हता तिचा.

मग आता सुरुवात १ लाख सूर्यांपासून करा. १४ वेळा दुप्पट, ४९ कोटी वर्षं, बसलं. म्हणूनच बरेच शास्त्रज्ञ म्हणतात की काही ब्लॅक होल ताऱ्यापासून जन्मलीच नाहीत, सुरुवातीच्या काळातला प्रचंड वायूचा ढग तारे न बनवता सरळ कोसळला आणि त्याचं भलंमोठं बीज झालं. येल विद्यापीठातल्या आपल्या भारतीय शास्त्रज्ञ प्रियंवदा नटराजन यांनी या कल्पनेवर अनेक वर्षं काम केलं, अशा बीजातून आकाशगंगा कशी दिसेल याचं गणित आधीच मांडून ठेवलं होतं, आणि २०२३ मध्ये जेम्स वेब आणि चंद्रा दुर्बिणींनी मिळून यूएचझेड१ ही आकाशगंगा शोधली, विश्व ४७ कोटी वर्षांचं असतानाची, जिच्यातल्या ब्लॅक होलचं वजन तिच्या सगळ्या ताऱ्यांच्या वजनाच्या तोडीचं निघालं. आजूबाजूच्या आकाशगंगांत तर ते मधल्या फुगवट्याच्या हजारातल्या एखाद-दोन-पाच भागांइतकंच असतं. दुसरा रस्ता म्हणजे काही काळ एडिंग्टन मर्यादा ओलांडून खाणं, तोही बंद नाही, पण मला बीजाचं उत्तर जास्त पटतं.

पाचवी पायरी: छत शोधा

इथे खरं उत्तर आहे, आणि मला हे सगळ्यात सुंदर वाटतं. आम्ही दोघं समजत होतो की ब्लॅक होलची भूक कधीतरी संपत असेल. भूक संपत नाही. ताट बिघडतं.

तबकडी फार रुंद झाली की बाहेरच्या भागातला वायू स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने गोळा व्हायला लागतो. उन्हाळ्यात दूध नासलं की कसं एकसारखं राहत नाही, गुठळ्या होतात आणि पाणी वेगळं, तसं. त्या गुठळ्यांचे तारे बनतात, आणि तारा झाला की तो घासून हळू होत नाही, मजेत फिरत राहतो, पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा. हा नासण्याचा काठ केंद्रापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण दोन-तीन हजार पट लांब असतो, आणि ब्लॅक होलचं वजन वाढलं तरी फारसा सरकत नाही. आतला काठ मात्र सरकतो. ब्लॅक होल स्वतःभोवती फिरत नसेल तर त्याच्या त्रिज्येच्या तिप्पट अंतराच्या आत कुणालाच स्थिर फिरता येत नाही, तिथून सरळ आतच, आणि ही त्रिज्या तर वजनाबरोबर वाढतच जाते. म्हणजे बाहेरचा काठ जागेवर, आतला पुढे येऊन राहिला. दोघं भेटले की मध्ये तबकडीला जागाच नाही!

वहीत मांडा: त्रिज्येची तिप्पट बरोबर दोन ते तीन हजार पृथ्वी-सूर्य अंतरं. एक अंतर १५ कोटी किलोमीटर, एका सूर्याला ३ किलोमीटर. उत्तर येतं साधारण ३,३०० ते ५,००० कोटी सूर्य. लेस्टर विद्यापीठाचे अँड्र्यू किंग यांनी २०१६ मध्ये हाच विचार नीट, सगळ्या बारकाव्यांसह केला आणि त्यांचा आकडा आला सुमारे ५,००० कोटी सूर्य. गच्चीवर बसून आपण त्याच्या इतक्या जवळ जाऊ असं मला वाटलं नव्हतं. ब्लॅक होल जोरात गरगरत असेल आणि तबकडीही त्याच दिशेने फिरत असेल तर आतला काठ जवळ सरकतो, मग छत वाढून २७,००० कोटींपर्यंत जातं.

आपल्या मापात काढा. ५,००० कोटीवाल्याची त्रिज्या अर्धा किलोमीटर येते. २७,००० कोटीवालं झिरो माईलच्या दगडावर ठेवलं तर अडीच किलोमीटरच्या पुढे पोचतं, सीताबर्डी, रेल्वे स्टेशन, सगळं आत. आणि सूर्य अजूनही ज्वारीचा दाणा.

सहावी पायरी: खरी ब्लॅक होल छताशी ताडून पाहा

टॉन ६१८ हा क्वेसार घ्या. त्याच्या ब्लॅक होलचं वजन एका पद्धतीने ६,६०० कोटी सूर्य येतं, दुसऱ्या पद्धतीने ४,००० कोटी, म्हणजे छताच्या आसपासच. इतक्या दूरच्या वस्तूंचं वजन तबकडीजवळच्या वायूच्या वेगावरून काढतात, त्यामुळे एवढा फरक पडतो, आणि इंटरनेटवर "सगळ्यात मोठं ब्लॅक होल" म्हणून जे एक-एक पक्के आकडे फिरतात त्यांच्यापुढे "साधारण" हा शब्द स्वतःच लिहून घ्या.

सातवी पायरी: छतानंतर काय

भाचीचा पुढचा प्रश्न बरोब्बर होता, "तबकडी संपली की वाढ संपली?" नाही, पूर्ण नाही. अख्खे तारे पडू शकतात, आणि दोन आकाशगंगा एकमेकींत मिसळल्या की त्यांची ब्लॅक होलही शेवटी एक होतात. अशा जोड्या एकमेकांभोवती फिरताना ज्या अतिशय संथ गुरुत्वीय लहरी (अवकाशालाच ताणत-आवळत जाणारे तरंग) सोडतात त्यांच्या खुणा जून २०२३ मध्ये जगभरच्या गटांनी जाहीर केल्या, आणि त्यात आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीची निरीक्षणंही होती. महाराष्ट्रातल्या शेतांमध्ये उभ्या असलेल्या त्या डिश हे काम करून राहिल्या आहेत हे पोट्ट्यांना जरूर सांगा.

फक्त, तबकडी नसलेलं ब्लॅक होल चमकत नाही. मग शोधायचं कसं? एबल ८५ या आकाशगंगांच्या समूहाच्या मधोमध होल्म १५ए नावाची आकाशगंगा आहे, साधारण ७० कोटी प्रकाशवर्षांवर. आकाशगंगेचा मध्य सहसा सगळ्यात उजळ असतो, हिचा मात्र आश्चर्य वाटेल इतका फिका आणि पसरट आहे. कारण दोन जड ब्लॅक होल एकमेकांजवळ येताना मधल्या ताऱ्यांना गोफणीसारखं बाहेर भिरकावतात, आणि तिथे ताऱ्यांची वाण पडते. उरलेल्या ताऱ्यांचे वेग मोजून २०१९ मध्ये वजन काढलं, ४,००० कोटी सूर्य.

दुसऱ्या दिवशी भाचीने वहीत आकाशगंगा काढली, मध्ये पेन्सिल न टेकवता कागद कोराच ठेवला, आणि बाजूला बाण काढून लिहिलं, "इथे आहे."