१०० सीसी गाडी वीस मिनिटांनी बंद पडते? आधी टाकीचं झाकण बघा

माझी २०१६ ची १०० सीसी कार्बोरेटरवाली गाडी. मुलुंडहून निघालं की विक्रोळीपर्यंत मस्त, मग आचके देत बंद. दहा मिनिटं थांबलं की एका किकमध्ये सुरू. टाकी भरलेली असली की त्रास लवकर व्हायचा. भर पावसात हायवेच्या कडेला गाडी ढकलताना रडकुंडीला आलो होतो.

प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला, पेट्रोल फिल्टर नवा टाकला. फरक शून्य.

मग एकदा बंद पडताच टाकीचं झाकण उघडलं. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली. या गाड्यांत पेट्रोल पंप नसतो, पेट्रोल आपोआप खाली उतरतं. झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल अडतं.

इंजिन थंड असताना झाकण काढलं. खालच्या बाजूच्या भोकात चिखल नि गंज घट्ट बसला होता. झाकण थोडा वेळ रॉकेलमध्ये बुडवलं, मऊ ब्रशने घासलं, पंक्चरवाल्याकडे हवा मारून घेतली. तार घालू नका, आतली छोटी झडप बिघडते. पूर्ण सुकल्यावर बसवलं. टाकीच्या तोंडाजवळची पाणी वाहून जाणारी नळीही मोकळी केली, नाहीतर पावसाचं पाणी तिथेच साचतं.

दीड महिना झाला, रोज सायनपर्यंत जातो, एकदाही बंद पडली नाही.